अठ्ठावीस नंबरचं पाकीट

आमच्या दाराच्या लेटरबॉक्सला पितळी झडप होती आणि तिची स्प्रिंग गरजेपेक्षा कडक होती. पोस्टमनने पत्र आत सरकवून बोटं काढून घेतली की ती खाडकन मिटायची. तो आवाज स्वयंपाकघरात यायचा, वरच्या खोलीत यायचा, मागच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या आईपर्यंतही जायचा. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत माझी एकोणीस पावलं होती. आवाज झाला की मी ती एकोणीस पावलं धावत जायचे, कारण भारतातून आलेल्या निळ्या पत्रांवरचे स्टॅम्प मी जमवत होते. पुढे सहा आठवडे असे आले की त्या आवाजाने आमच्या घरात कुणी जागचं हललं नाही. आज माझ्या दाराला झडप नाही. बाहेर भिंतीवर पत्र्याची पेटी आहे. माझ्या मुलींना वाटतं, मला जुन्या पद्धतीची पेटी आवडते.

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका लांबलचक रस्त्यावर आमचं ब्याऐंशी नंबरचं घर होतं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. बाबा ट्रेडिंग इस्टेटवर पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, वॉशर, रबरी रिंगा यांच्या याद्या करण्यात त्यांचा दिवस जायचा आणि घरी आल्यावरही याद्या संपत नसत. फडताळाच्या आतल्या बाजूला आमच्या किराणाची यादी चिकटवलेली असे आणि प्रत्येक डब्यावर तो केव्हा भरला ते लिहिलेलं असे. "मिनू, जे दोनदा तपासलं नाही ते बरोबर नाही," असं ते मला म्हणायचे आणि मला ते पटायचं. शनिवारी आई थालीपिठं लावायची. भाजणी ती घरीच भाजायची, धने-जिरं वेम्बलीहून आणलेलं, आणि एका डाळीच्या जागी इथे मिळणारी कुठली तरी डाळ घातलेली. पॅराफिनच्या हीटरचा आणि भाजणीचा मिळून जो वास व्हायचा तो आमच्या कोटांना लागलेला असायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी रोज नाक धरायची. रोज म्हणजे खरंच रोज. एक पूर्ण टर्म मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजलं होतं.

आमच्या भागातल्या मराठी माणसांचं एक मंडळ होतं. त्यात एक्केचाळीस कुटुंबं होती आणि बाबा चिटणीस होते. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन गणपती, दिवाळी, हळदीकुंकू व्हायचं आणि दरवर्षी स्मरणिका निघायची. स्मरणिका कशी असते ते मराठी माणसाला सांगायला नको. पहिल्या पानावर गणपती, मग अध्यक्षांचं मनोगत, मग कुणाच्या तरी स्कॉटलंड-सहलीचं वर्णन, मुलांच्या कविता, वेम्बलीच्या साडीवाल्याची आणि वाण्याची जाहिरात, आणि शेवटी, ज्यासाठी सगळे ती जपून ठेवायचे, सभासदांची यादी. नाव, पत्ता, फोन, मुलांची नावं आणि वयं. परक्या देशात आपला माणूस कुठे राहतो हे कळावं, अडीअडचणीला फोन करता यावा, मुलामुलींची लग्नं जुळावीत, म्हणून ती यादी. त्या वर्षी ती मी टाइप केली. मी सोळा वर्षांची होते आणि शाळेत टायपिंग शिकत होते. यादी इंग्रजी अक्षरक्रमाने लावायची कल्पना माझी. प्रत्येक पत्ता मी दोनदा तपासला, शंका आली तिथे फोन करून विचारलं. फक्त एक पत्ता तपासला नाही. स्वतःचा पत्ता कोण तपासतं?

बाबांना त्या स्मरणिकेचा इतका अभिमान वाटला की ते मला घेऊन टाउनच्या लायब्ररीत गेले आणि स्थानिक इतिहासाच्या कपाटासाठी एक प्रत दिली. "वी आर ऑल्सो लोकल हिस्ट्री," ते काउंटरवरच्या बाईंना म्हणाले. बाई हसल्या, त्यांनी शिक्का मारला. "माझ्या लेकीने टाइप केलंय," बाबा म्हणाले, "नॉट वन मिस्टेक." ही चूक फक्त आमच्यासारखीच माणसं करू शकतात असं मला आता वाटतं. आपल्या एक्केचाळीस घरांचे पत्ते, मुलांच्या वयांसकट, अक्षरक्रमाने लावून, छापून, कौतुकाने सार्वजनिक कपाटात ठेवणं.

त्याच हाय स्ट्रीटवर शनिवारी सकाळी ते लोक उभे असायचे. त्यांच्या पक्षाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते तीनदा बदललं आणि चारही नावांत 'ब्रिटिश' होतं, एवढं पुरे. आमच्या घरात त्यांना 'टेबलवाले' म्हणायचे, कारण सुरुवातीला ते पाच जण होते आणि त्यांच्यापुढे एक घडीचं टेबल असायचं. त्यावर त्यांचं वर्तमानपत्र, बिल्ले, आणि आम्हाला जहाजात भरून परत पाठवण्याच्या मागणीवर सह्या घ्यायचा कागद. मी बसस्टॉपवरून त्यांना मोजायचे. पाचाचे नऊ झाले, नवाचे सतरा. त्यातले काही डोकं तासलेले आणि उंच बूट घातलेले होते, पण सगळे नाही. एक जण बँकेत असल्यासारखा दिसायचा, एक पेन्शनर टोपी काढून बायकांना नमस्कार करायचा. बस-शेल्टरवर ते कागद चिकटवायचे आणि त्यामागे दाढीची पाती लावून ठेवायचे, म्हणजे कुणी कागद फाडायला गेला की त्याची बोटं कापावीत. एकदा त्यांनी ड्रम वाजवत मोर्चा काढला, तेव्हा हाय स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानदारांनी शटर ओढली आणि आतून फटीतून पाहिलं. त्यांचा पुढारी गालिचे बसवण्याचं काम करायचा. त्याने गायकवाडकाकांच्या घरी जिन्याचा गालिचा बसवला होता. काकूंनी दिलेला चहा पिऊन तो म्हणाला होता, "लव्हली टी, लव्ह." काकू हे नंतर कितीतरी वर्षं सांगत असत. प्रत्येक वेळी शेवटी म्हणत, "आणि मी त्याला वेलचीसुद्धा घातली होती गं."

पहिलं पाकीट अभ्यंकरांकडे आलं. आत हाताने काढलेलं जहाजाचं तिकीट होतं, घरातल्या चौघांच्या नावाचं, मुलांच्या वयांसकट. पुढच्या शनिवारी भोसल्यांकडे पाकीट आलं, त्यात वापरलेला टॉयलेट पेपर होता. त्याच्या पुढच्या शनिवारी चिटणीस आडनावाच्या कुटुंबाकडे डुकराचा कान आला. ते शुद्ध शाकाहारी. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. आमच्या घरी त्यावर बोलणं निघालं तेव्हा आई कानापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने चिडली. "त्यांना काय वाटतं, आपण मुसलमान आहोत?" ती म्हणाली. "एवढंही कळत नाही मेल्यांना!" बाबा हसले, मीही हसले. हे मी लिहिते आहे कारण ते घडलं.

अ, भ, च. इंग्रजीत ए, बी, सी. पाकिटं माझ्या यादीच्या क्रमाने येत होती. मला ते सोमवारी गणिताच्या तासाला कळलं. शाळा सुटल्यावर मी तशीच लायब्ररीत गेले. कपाटात आमची स्मरणिका होती. कविता होत्या, साडीवाला होता. बेचाळीस ते शेहेचाळीस पानं नव्हती. पट्टी लावून, सावकाश, सरळ फाडलेली होती. घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते स्टोअरच्या खाकी कोटातच होते. त्यांनी माझ्या हातातून घरची स्मरणिका घेतली, यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग सांगू नकोस. लायब्ररीत कुणी ठेवली ते सगळ्यांना ठाऊक आहे."

त्यांनी देशपांड्यांना फोन करून मोघम सांगितलं, "जरा जपून राहा हं, दिवस बरे नाहीत." देशपांड्यांकडे आलेल्या पाकिटात त्यांच्याच घराचा फोटो होता. दारात त्यांची अकरा वर्षांची मुलगी उभी होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांच्या जागी टाचणीने भोकं पाडली होती. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मंडळाची सभा झाली. पुरुष मोठमोठ्याने बोलत होते, बायका बोलत नव्हत्या. "पण आपले पत्ते मिळाले कुठून त्यांना?" देशपांडेकाका पुन्हा पुन्हा विचारत होते. "समबडी मस्ट हॅव गिव्हन." बाबा टेबलाशी बसून सभेचा वृत्तान्त लिहीत होते. त्यांनी तो प्रश्नही लिहिला, स्वच्छ अक्षरात, आणि पुढे उत्तरासाठी जागा सोडली नाही.

गायकवाडांना मात्र त्यांनी नीट सांगितलं. काकांनी बागकामाचे हातमोजे घालून पाकीट उघडलं. जाड, आतून फुगे असलेलं ते खाकी पाकीट होतं, आणि जिथे बोट घालून आपण पाकीट फाडतो तिथे आतून पाती ओळीने लावलेली होती. पाच होती. पोलिसांनी ती नेली आणि असं पाकीट आलं तर उघडू नका, स्टेशनवर आणून द्या, असं सांगून गेले. यादीत गायकवाडांनंतर हर्डीकर. म्हणजे आम्ही.

त्या संध्याकाळी मी आमचं नाव यादीत पाहिलं. का पाहिलं ते सांगता येत नाही. दुखऱ्या दाताला जीभ लागते तसं असेल. आर. डी. हर्डीकर, आणि पुढे घराचा नंबर होता अठ्ठावीस. मी पुन्हा पाहिलं. दोन आणि आठ. ब्याऐंशीचे दोन आकडे मी उलटे मारले होते.

"बाबा, एक नंबर चुकलाय."

"कुणाचा?"

"आपला."

बाबांनी चष्मा लावून पान वाचलं, मग चष्मा काढून पुन्हा वाचलं. आणि ते हसले. लहानसं, नाकातून आलेलं हसू होतं ते. त्या सोमवारपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी आईला हाक मारली. आईने पदराला हात पुसत यादीत पाहिलं आणि देवापुढे जाऊन साखर ठेवली. "देवानेच तुझ्या हातून करवलं," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुकांमध्ये त्या एकीचंच घरात असं कौतुक झालं.

अठ्ठावीस नंबरमध्ये खालिदाआंटी राहत होत्या. मीरपूरकडचं, पाकिस्तानातून आलेलं कुटुंब. त्यांचा नवरा बस चालवायचा, आणि मुलगी नसरीन माझ्या वर्गात होती. आंटी घरी बसून शिवायच्या. कापलेले ब्लाउज गठ्ठ्याने यायचे आणि शिवून जायचे. शाळेत जाताना फुटपाथवरून त्यांच्या मशीनचा आवाज ऐकू यायचा, दारापाशी मोठा, चार घरं पुढे गेलं तरी बारीक. अठ्ठावीस आणि ब्याऐंशी यांत पोस्टमनही गडबडायचा. आमचं पत्र त्यांच्याकडे पडलं की आंटी स्वतः आणून द्यायच्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. नसरीन पाकिटावरचं नाव वाचायची आणि त्या डोक्यावर ओढणी घेऊन चौपन्न नंबर चालून यायच्या. बेल त्या वाजवत नसत, दोन बोटांनी दारावर टकटक करायच्या. महिन्यातून एकदा तरी, आठ वर्षं. म्हणजे शंभराच्या आसपास खेपा. आमच्या घरी दारात आलेल्या मराठी माणसाला चहा घेतल्याशिवाय जाता येत नसे. आंटींच्या हातून आई दोन बोटांच्या चिमटीत पत्र घ्यायची, "शुक्रिया" म्हणायची आणि दार लावायची. शंभर खेपांत त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"पण तिथे खालिदाआंटी आहेत," मी त्या संध्याकाळी म्हणाले.

"मला माहीत आहे कोण आहे," बाबा म्हणाले.

"आपण त्यांना नुसतं सांगू या. पाकीट उघडू नका म्हणून."

"आणि का म्हणून विचारलं तर? ती पोलिसांना सांगणार. पोलीस विचारणार, मग हर्डीकरांचा खरा नंबर कुठला? एकदा ब्याऐंशी बाहेर पडलं की पडलं, मिनू. आज त्यांच्या कागदावर आपण नाही."

"पण ती पाती–"

"त्या लोकांना सवय असते," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. दूध उतू गेलं असं सांगावं तसं ती म्हणाली. नसरीन शाळेत रोज भेटत होती. त्या पाच दिवसांत मी तिला पाच वेळा सांगू शकले असते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकाच रांगेत असायचो. बुधवारी मी तिला हाकही मारली. ती वळली तेव्हा मी विचारलं, "हॅव यू डन द हिस्ट्री?"

शनिवारी बाबांना ओव्हरटाइम होता. आई थालीपिठं लावत होती. दहाच्या सुमारास झडप खाडकन वाजली आणि आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. मी हळूहळू एकोणीस पावलं गेले. गॅसवाल्यांचं पत्र होतं, बाकी काही नाही. मी ते वर धरून आईला दाखवलं. आईने मोठा श्वास सोडला आणि तव्यावरच्या थालीपिठाच्या भोकांत नेहमीपेक्षा जास्त तेल सोडलं. "आज लोणी काढते," ती म्हणाली. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग दारावर टकटक झाली. दोन बोटांची.

मी साखळी न काढता दार उघडलं. आंटी हसत होत्या. त्यांच्या एका बाहीला निळा दोरा चिकटलेला होता आणि हातात जाड खाकी पाकीट होतं.

"पोस्टवाला फिर भूल गया," त्या म्हणाल्या. "इसका कुछ करो तुम लोग."

पाकीट त्यांनी फटीतून पुढे केलं. त्यावर टाइप केलेलं नाव मला दिसलं. आर, डी, मधे टिंबं, मी मारली होती तशीच. माझा हात दारावर होता. तो मी पुढे केला नाही. पाकीट घेऊन कोपऱ्यात ठेवायचं आणि बाबा आले की पोलिसांकडे द्यायचं, एवढंच करायचं होतं. पोलिसांनीच तसं सांगितलं होतं. मला ते माहीत होतं, आता नाही, तेव्हाच माहीत होतं. पण ते पाकीट माझ्या हातात येणार या एका कल्पनेने माझं तोंड आपोआप उघडलं.

"हमारा नहीं है."

"कैसे नहीं? नसरीन ने पढ़ा. हर्डीकर."

"दूसरा है. दूसरा हर्डीकर."

आंटींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "इसी रोड पर?"

"हाँ."

"अच्छा? हमको तो पता ही नहीं," त्या म्हणाल्या. "तो मैं क्या करूँ इसका?"

"मालूम नहीं," मी म्हणाले आणि दार लावलं.

"कोण होतं गं?" आईने आतून विचारलं.

"कोणी नाही."

आईने माझ्यापुढे ताटली ठेवली. थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, कडेला लसणाची चटणी. आमच्या दारापासून अठ्ठावीस नंबरपर्यंत मधे सव्वीस फाटकं होती. आंटी सावकाश चालायच्या, त्यांना चार मिनिटं लागायची. ओट्यावरच्या घड्याळाचा काटा मला समोरच दिसत होता. चार मिनिटं हा फार मोठा वेळ आहे. सोळा वर्षांच्या मुलीला ते अंतर पळायला एक मिनिटही लागत नाही. मी एक थालीपीठ संपवलं आणि आईने विचारल्यावर दुसरंही घेतलं. ते अर्धं झालं असताना ॲम्ब्युलन्सचा आवाज आला. आई खिडकीशी जाऊन पडदा बाजूला करून पाहू लागली. मी उठले नाही. माझ्या दोन्ही मुलींना असं वाटतं की आईला थालीपीठ आवडत नाही. मी त्यांना खोटं सांगितलेलं नाही.

आंटींच्या उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं. आतल्या शिरा कापल्या गेल्या. बोटं राहिली, पण ती मिटत नव्हती. नसरीन आठवडाभर शाळेत आली नाही. आली तेव्हा जेवणाच्या रांगेत माझ्यामागे उभी राहिली.

"अम्मी म्हणते आपल्या रोडवर दुसरा एक हर्डीकर आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "ती त्याचा नंबर शोधत होती. आत पत्र असेल, त्यावर खरा पत्ता असेल, म्हणून उघडलं. त्याला नेऊन द्यायचं होतं तिला. आहे का गं दुसरा कुणी?"

"आय डोंट नो," मी म्हणाले.

पोलीस आमच्याकडेही आले, कारण पाकिटावर नाव आमचं होतं. बाबांनी स्मरणिका पुढे ठेवली आणि छापखान्याने नंबर चुकवला असं सांगितलं. पोलिसाने लिहून घेतलं. मग विचारलं, "या रस्त्यावर दुसरे कुणी हर्डीकर आहेत का?"

"नो," बाबा म्हणाले. "ओन्ली अस. का?"

"त्या बाईंना कुणीतरी तसं सांगितलं म्हणे. कुणी, ते त्यांना आठवत नाही."

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. पण त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी आपल्या घराचा नंबर आकड्यांत लिहिला नाही. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे अक्षरांत लिहायचे. चौकटीत मावत नसे, कारकून वैतागत.

दुखापत झाली म्हटल्यावर चक्रं हलली. गालिचेवाल्याच्या व्हॅनमध्ये, गालिच्याच्या तुकड्यांखाली, आमची पाच पानं सापडली. सहा नावांपुढे पेन्सिलीने बरोबरच्या खुणा होत्या, आमच्याही नावापुढे एक. सातव्यापुढे काही नव्हतं. खटल्याची कात्रणं माझ्याकडे आहेत. पबच्या वरच्या खोलीत ते मेण वितळवून शिक्के मारायचे, एका जर्मन हुकूमशहाच्या वाढदिवसाला केक कापायचे, आणि नवीन पोरांना शूर व्हायला शिकवायचे. शूर व्हायचं म्हणजे पोस्टाची पेटी गाठायची. दोघांना शिक्षा झाली, टेबल वर्षभर दिसलं नाही, मग नव्या नावाने पुन्हा आलं. आताही रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना कुणीतरी झेंडे बांधून जातं. कामावर जाताना मी ते मोजते. आमच्या मंडळात आता पुण्या-नागपूरची आयटीतली तरुण मंडळी आहेत. सगळ्यांचे पत्ते एका शीटवर टाकू या म्हणतात. मी एकटी विरोध करते. "मावशी, चिल," ते म्हणतात, "सगळं ऑनलाइन आहेच."

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत बाबांनी ठराव मांडला की यापुढे स्मरणिकेत कुणाचाही पत्ता छापू नये. देशपांडेकाकांनी अनुमोदन दिलं. चिटणीस म्हणून बाबांनी दाखवलेल्या दूरदृष्टीबद्दल आभाराचा वेगळा ठरावही झाला. टाळ्या वाजल्या. अध्यक्ष म्हणाले, "ईश्वरकृपेने आपल्या एकाही सभासदाच्या केसाला धक्का लागला नाही." बाबांनी मान खाली घालून तेही वृत्तान्तात लिहिलं. टाळ्या मीही वाजवल्या.

शाळेच्या वाटेवर मशीनचा आवाज बंद झाला होता. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायला लागले. हिवाळा गेला. बागांतून पिवळी फुलं आली तेव्हाची एक शनिवारची सकाळ. आई-बाबा वेम्बलीला गेले होते, मी घरी एकटीच होते. दारावर टकटक झाली. या वेळी आवाज वेगळा होता, हलका, डाव्या हाताचा. पण मी ओळखला. एकोणीस पावलं. या वेळी मी साखळी काढली आणि दार पूर्ण उघडलं.

आंटी उभ्या होत्या. उजवा हात ओढणीखाली होता. डाव्या हातात निळं पत्र होतं, भारतातलं, आजीच्या अक्षरातलं. त्या हसल्या नाहीत आणि रागावलेल्याही दिसल्या नाहीत. त्यांनी पत्र माझ्या डोळ्यांसमोर धरलं, शाळेत बाई फळ्यावरचं वाचायला लावतात तसं.

"ठीक से पढ़ लो, बेटी. तुम्हारा है?"

"हाँ," मी म्हणाले. "हमारा है."

"मालूम है," त्या म्हणाल्या.

पत्र माझ्या हातात देऊन त्या फाटकाबाहेर पडल्या. मी त्यांना आत बोलावलं नाही. उंबऱ्यात उभी राहून फाटकं मोजत राहिले. त्यांना तेव्हाही चारच मिनिटं लागली.